जुहू : भरतीच्या जागेवर वसलेली चौपाटी

जुहूला पायी जायचे तर एकेकाळी ओहोटी लागेपर्यंत थांबावे लागे. आज जिथे रिक्षा, बस आणि मोटारी रात्री उशिरापर्यंत अडकून पडलेल्या असतात, ते जुहू मूळचे एक बेट. मुंबईची उपनगरे ज्यावर वसली त्या साष्टी बेटाच्या पश्चिम किनाऱ्याला समांतर असा वाळूचा अरुंद, लांबट पट्टा समुद्रात पडलेला होता. साष्टीची जमीन आणि हा पट्टा यांच्यामध्ये खाडीचे पाणी शिरे. भरती आली की जुहू वेगळे पडायचे, ओहोटी लागली की मधला चिखल उघडा व्हायचा आणि माणसे पलीकडे जायची. समुद्राच्या पातळीपासून या पट्ट्याची उंची जेमतेम मीटर-दोन मीटर. अशा जागेवर पुढे देशातला पहिला नागरी विमानतळ उभा राहिला, स्वराज्याच्या राजकारणातल्या मोठ्या वाटाघाटी झाल्या, नाटकाचे एक महत्त्वाचे घर बांधले गेले आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातला माणूस ‘समुद्र पाहायला’ म्हणून जिथे जातो ती चौपाटी झाली.

आम्हा खानदेशी माणसांचा समुद्राशी संबंध तसा लांबचा. इथे धुळ्याच्या देवपुरात पाणी म्हणजे पांझरा. एकवीरा देवीच्या मंदिराजवळून वाहणारी, पावसाळ्यात भरून येणारी आणि उन्हाळ्यात वाळू दाखवणारी. तिचे पाणी मुडावदला कपिलेश्वराजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेच्या पलीकडे अरबी समुद्रात जाते. म्हणजे आमच्या नदीचा समुद्रही तोच. सुरतेत तर खानदेशातली हजारो कुटुंबे पोटापाण्यासाठी स्थायिक झाली आहेत आणि डुमसचा किनारा त्यांच्या पायाखालचा आहे. तरीही धुळ्या-जळगावात पोरांना समुद्र दाखवायचा बेत ठरला की घरातल्यांच्या तोंडी पहिले नाव जुहूचेच येते. रात्रीच्या एसटीने आग्रा रोड धरायचा किंवा चाळीसगावहून रेल्वे गाठायची, नातेवाइकांकडे सामान टाकायचे आणि संध्याकाळी जुहू. या नावाची ओढ तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर आत कशी पोचली, हे समजून घ्यायचे तर त्या वाळूच्या पट्ट्याचीच ओळख करून घ्यावी लागते. कारण जुहूचे जे काही झाले ते त्या सखल, सपाट, भरतीच्या जमिनीमुळे झाले, असे माझे मत आहे. माणसांनी केलेले आराखडे तिथे फारसे टिकले नाहीत. जमिनीने जे होऊ दिले तेच टिकले.

१५३४च्या तहाने वसई आणि तिच्या आसपासची बेटे पोर्तुगीजांकडे गेली, तेव्हा साष्टीबरोबर जुहूही गेले. पोर्तुगीज कागदपत्रांत त्याचे नाव ‘जुवेम’ असे येते. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३७ साली साष्टी मराठ्यांनी घेतली, १७३९ला वसईचा किल्ला पडला, आणि १७७४च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे व साष्टी बळकावली. राज्ये बदलली तरी जुहूवरचे जगणे फारसे बदलले नाही. उत्तरेच्या टोकाला भंडारी, आगरी, कुणबी; दक्षिणेला कोळीवाडा. भंडारी माडावर चढून माडी काढत, आगऱ्यांचा मिठाशी संबंध, कोळ्यांच्या होड्या आणि वाळत घातलेली मासळी. त्यांच्यात मराठी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबेही होती. मुंबईच्या उपनगरांतले हे मूळचे लोक आज ‘पर्यटनस्थळ’ या शब्दामागे दिसेनासे झाले आहेत, याची मला मनापासून खंत वाटते. जुहू कोळीवाडा अजून आहे. चौपाटीवर येणाऱ्या शंभरांतल्या नव्वद जणांना तो माहीत नसतो.

समुद्रकिनारी हवा खायला जायची कल्पनाच मुळात फार जुनी नाही. आपल्याकडे समुद्र होता तो कोळ्यांच्या पोटाचा, नारळी पौर्णिमेच्या पूजेचा, अस्थी आणि मूर्ती विसर्जित करण्याचा. प्रकृतीसाठी समुद्रावर राहायला जाणे ही रीत अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये वाढली. रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरने त्या शतकाच्या मध्याला समुद्राच्या पाण्याच्या औषधी उपयोगावर पुस्तक लिहिले, ब्रायटन हे मच्छीमारांचे गाव रुग्णांनी भरू लागले, आणि १८४१ला लंडनहून तिथे रेल्वे पोचल्यावर ते सर्वसामान्यांच्या सुटीचे ठिकाण झाले. मुंबईतही हाच क्रम दिसतो. माहीमची खाडी ओलांडणारा कॉजवे १८४५च्या सुमारास पुरा झाला. त्यासाठी जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. १८६७च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईच्या बॅक बेकडे पहिली उपनगरी गाडी धावली. साष्टीचा पश्चिम किनारा शहराच्या हाताशी आला. तरी जुहू आणि रेल्वेरूळ यांच्यामध्ये खाडी आणि खाजण होतेच.

ते अंतर मिटवण्याचे पहिले मोठे स्वप्न जमशेटजी टाटांनी पाहिले. पोलादाचा कारखाना, जलविद्युत, विज्ञानसंस्था आणि ताजमहाल हॉटेल यांचा विचार एकाच वेळी करणाऱ्या या माणसाने १८९०च्या दशकात जुहूला जमीन घेतली आणि बंगला बांधला. जुहू तारा भागातल्या १,२०० एकरांचा विकास करायचा, एकेका एकराचे ५०० भूखंड पाडायचे, समुद्रकाठी विश्रांतीचे ठिकाण उभारायचे आणि माहीमच्या कॉजवेची वाट सांताक्रूझपर्यंत वाढवून लोकांना तिथे पोचवायचे, असा त्यांचा बेत होता. १९०४ला जमशेटजी गेले आणि योजना बारगळली. त्यांची इतर स्वप्ने वारसांनी पुरी केली; जमशेदपूर झाले, बंगळूरची संस्था झाली, खोपोलीची वीज मुंबईला आली. जुहू मात्र राहिले. ते तसे पुरे झाले असते तर आज तिथे एकेक एकराच्या खासगी बागांची रांग असती आणि तुम्हा-आम्हाला वाळूपर्यंत जायला कुणाची तरी परवानगी घ्यावी लागली असती, असे मला राहून राहून वाटते.

जगातले दोन प्रसिद्ध किनारे शेजारी ठेवले की जुहूचे वेगळेपण उठून दिसते. हवाईतल्या ओआहू बेटावरचे वाइकिकी हा पूर्वी दलदलीचा भाग होता. तिथले लोक अळूची खाचरे आणि मासळीची तळी राखत. १९०१ला मोआना हॉटेल उघडले आणि १९२१ ते १९२८ या काळात आला वाई नावाचा कालवा खोदून ती दलदल कायमची कोरडी केली गेली. अमेरिकेतल्या फ्लॉरिडाचे मायामी बीच हेसुद्धा जुहूसारखेच मुख्य भूमीपासून सुटलेले वाळूचे बेट. १९१३ला तिथे लाकडी पूल बांधला, तिवरे तोडली, खाडीच्या तळाची वाळू उपसून किनाऱ्याला भर घातली आणि काही वर्षांत हॉटेलांचे शहर उभे केले. दोन्हीकडे आधी आराखडा, मग पाण्याचा बंदोबस्त, मग पाहुणे असा क्रम. जुहूला आराखडा कागदावर राहिला, पाण्याचा बंदोबस्त आजही अर्धवट आहे आणि पाहुणे मात्र आले. त्यांतले काही थेट आकाशातून आले.

विमानाला त्या काळी काय लागे? सपाट, मोकळी, झाडे आणि घरे नसलेली जमीन. जुहूच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला, खाडीच्या खाजणात, अशी जमीन ऐसपैस पडून होती. भरतीच्या भीतीने तिथे कुणी घर बांधत नव्हते, म्हणून ती विमानांना मिळाली. १९२८ला जुहूचे मैदान विमानांसाठी उघडले. भारतातला हा पहिला नागरी विमानतळ. पाठोपाठ बॉम्बे फ्लाइंग क्लबने इथे शिकवणी सुरू केली. १० फेब्रुवारी १९२९ला जे. आर. डी. टाटांना मिळालेला वैमानिकाचा परवाना हा भारतात दिला गेलेला पहिला, क्रमांक १चा परवाना.

१५ ऑक्टोबर १९३२ची गोष्ट प्रत्येक शाळकरी मुलाला सांगावी अशी आहे. इंग्लंडहून येणारे टपाल इम्पीरियल एअरवेजची विमाने कराचीपर्यंत आणत. तिथून पुढे ते मुंबई आणि मद्रासला पोचवायचे काम टाटांनी घेतले होते. ही कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या इंग्लंडच्या हवाईदलातून बाहेर पडलेल्या वैमानिकाची, आणि ती उचलून धरली तरुण जे. आर. डींनी. त्या सकाळी त्यांनी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून एकच इंजिन असलेले छोटेसे ‘पस मॉथ’ विमान एकट्याने उडवले. सोबत टपालाची पोती. रेडिओ नाही, दिशा सांगणारी कसली यंत्रणा नाही. खाली दिसणारी जमीन आणि हातातला नकाशा एवढाच आधार. मध्ये अहमदाबादला उतरले. तिथे विमानाचे इंधन चार-चार गॅलनच्या डब्यांतून बैलगाडीने आले. ते भरून पुन्हा उड्डाण, आणि दुपारी दोनच्या आत विमान जुहूच्या मैदानावर टेकले. तिथून टपाल व्हिन्सेंटनी घेतले आणि बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. बैलगाडीवर आलेल्या इंधनावर या देशाची नियमित हवाई टपालसेवा सुरू झाली, हे मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत विलक्षण दृश्य वाटते. आणि ती सेवा उतरली ती कुठल्या भव्य इमारतीसमोर नाही. जुहूला झावळ्यांनी शाकारलेली एक शेड होती, तोच विमानतळ.

पण जमिनीने तिथेही आपला हक्क सांगितला. जून उजाडला की पाऊस आणि मोठी भरती एकत्र येत, मैदानाचा चिखल होई आणि विमाने उतरवणे अशक्य होई. मग टाटांची ही इवलीशी कंपनी आपले बिऱ्हाड उचलून पुण्याला येरवड्याच्या मैदानावर जाई आणि पावसाळा संपला की परत येई. पहिल्या पूर्ण वर्षात तिने अवघे १५५ प्रवासी नेले. कमाई टपालाचीच होती. याच कंपनीची १९४६ला एअर इंडिया झाली. महायुद्धानंतर मोठी विमाने आली, त्यांना लांब आणि बाराही महिने कोरडी धावपट्टी हवी होती, ती सांताक्रूझला मिळाली आणि मुंबईचा मुख्य विमानतळ तिकडे गेला.

जुहूची धावपट्टी तशीच राहिली आणि तिने पुढे वैमानिकांना चकवलेही. दोन्ही विमानतळ एकमेकांपासून काही किलोमीटरवर, धावपट्ट्यांची दिशाही जवळजवळ सारखी. जुलै १९५३मध्ये ब्रिटिश कंपनीचे कॉमेट हे जगातल्या पहिल्या जेट प्रवासी विमानांपैकी एक विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. त्याचे वजन शक्य तेवढे कमी करून काही दिवसांनी तिथूनच ते उडवावे लागले. सप्टेंबर १९७२मध्ये जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाची तीच चूक झाली, आणि ते धावपट्टीच्या पुढे निघून गेले. सुदैवाने कुणी दगावले नाही. आज जुहूवरून मुख्यतः हेलिकॉप्टरे उडतात. १९७४ला मुंबईपासून दूर खोल समुद्रात तेल सापडले, बॉम्बे हायचे फलाट उभे राहिले, आणि तिथल्या कामगारांची ने-आण करायला किनाऱ्याला लागून असलेला हा जुना विमानतळ उपयोगी पडला. चौपाटीवर उभे राहिले की समुद्राकडे जाणारी हेलिकॉप्टरे दिसतात, ती बहुतेक याच कामावरची.

१५ ऑक्टोबर १९८२ला, त्या पहिल्या टपालाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, ७८ वर्षांचे जे. आर. डी. पुन्हा एकदा कराचीहून एका जुन्या ‘लेपर्ड मॉथ’ विमानाने निघाले आणि जुहूला उतरले.

विमानांच्या आधीच जुहूला आणखी एक पाहुणा येऊन गेला होता. राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा भोगत असलेल्या गांधीजींना जानेवारी १९२४मध्ये अपेंडिसायटिस झाला, पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली आणि फेब्रुवारीत सरकारने त्यांची सुटका केली. विश्रांतीसाठी ते मार्चमध्ये जुहूला नरोत्तम मोरारजी यांच्या बंगल्यात आले. नरोत्तम मोरारजी म्हणजे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांबरोबर १९१९ला सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढून ब्रिटिश जहाज कंपन्यांशी टक्कर घेणारे व्यापारी. स्वदेशी जहाजांच्या मालकाचे समुद्राकाठचे घर, आणि त्यात हा दुबळा झालेला पाहुणा. विश्रांती कसली? दर्शनाला लोटणाऱ्या लोकांना आवरता आवरता पुरेवाट झाली. एप्रिलपासून गांधीजींनी ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’चे संपादन पुन्हा हातात घेतले. मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास इथेच त्यांना भेटायला आले. काँग्रेसवाल्यांनी कायदेमंडळात जावे की बहिष्कार घालावा, हा त्या वर्षीचा सर्वांत मोठा वाद. कित्येक दिवस बोलणी झाली, एकमत झाले नाही, आणि मे महिन्यात दोन्ही बाजूंनी आपापली निवेदने काढली. मतभेद असे उघड मांडून परस्परांविषयीचा आदर शाबूत ठेवणारी ती माणसे आज फार मोठी वाटतात.

मिठाच्या सत्याग्रहात, १९३०ला, शेजारच्या विलेपार्ल्यात सत्याग्रहींची छावणी पडली. जमनालाल बजाज, किशोरलाल मश्रूवाला, स्वामी आनंद ही तिथली प्रमुख नावे. पुढे १९३७च्या डिसेंबरात गांधीजी पुन्हा जुहूच्या वाळूवर फिरताना दिसतात. त्यांची काठी पुढे धरून ओढत चाललेला एक छोटा मुलगा, असे ते छायाचित्र आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिलेले आहे. तो मुलगा त्यांचा नातू, रामदास गांधींचा मुलगा कनू. मोठेपणी तो अमेरिकेत गेला, नासात अभियंता झाला आणि २०१६ला सुरतेत वारला. तिसऱ्यांदा गांधीजी आले ते मे १९४४मध्ये. आगाखान पॅलेसच्या कैदेत कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई दोघांनाही गमावून, मलेरियाने खंगून ते सुटले होते. मोरारजींच्याच घरी, आता मुलगा शांतिकुमार यांच्याकडे, ते महिनाभर राहिले. याच मुक्कामात त्यांनी दोन चित्रपट पाहिले. एक अमेरिकन, ‘मिशन टू मॉस्को’. दुसरा विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’, ज्यात सीतेची भूमिका शोभना समर्थ यांची होती.

जुहूच्या विलेपार्ल्याकडच्या बाजूला स्वातंत्र्यानंतर नियोजनबद्ध वसाहती झाल्या, कॉलेजे आली, रस्ते आखले गेले. चित्रपटातली आणि नाटकातली माणसे चाळीसच्या दशकापासूनच इथे राहायला येऊ लागली होती. नारळीची झाडे, स्वस्त भाडे, आणि शहरापासून दूरपणा. बलराज साहनी, ख्वाजा अहमद अब्बास, चेतन आनंद, पुढे कैफी आझमी. इप्टा या नाट्यसंघटनेच्या कितीतरी चर्चा जुहूच्या घरांमध्ये झाल्या. नंतरच्या काळात मोठे तारे आले, त्यांचे बंगले हीच चौपाटीइतकी पाहण्याची जागा झाली; रविवारी फाटकाबाहेर उभी राहणारी गर्दी आजही तशीच असते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘सन अँड सँड’ हे किनाऱ्याला लागून असलेले हॉटेल निघाले आणि एकापाठोपाठ एक हॉटेले वाळूच्या कडेला उभी राहिली.

या साऱ्यात मला ज्या वास्तूबद्दल सर्वाधिक जिव्हाळा आहे ती पृथ्वी थिएटरची वास्तू समुद्रापासून थोडी आत, जानकी कुटीरच्या गल्लीत आहे. हे नाव जमनालालजींच्या पत्नी जानकीदेवी यांचे. पृथ्वीराज कपूर यांची फिरती नाटक मंडळी १९४४पासून सोळा वर्षे देशभर हिंडली. तिला स्वतःचे घर नव्हते. १९६२ला त्यांनी इथे जागा भाड्याने घेतली, पण १९७२ला ते गेले तोवर काही उभे राहिले नव्हते. शशी आणि जेनिफर कपूर यांनी ते काम हाती घेतले. वास्तुशिल्पी वेद सेगन यांनी जेमतेम दोनशे प्रेक्षकांचे, तीन बाजूंनी रंगमंचाला बिलगलेले नाट्यगृह आखले. ५ नोव्हेंबर १९७८ला पडदा उघडला तो एका मराठी नाटककाराच्या नाटकाने, गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’च्या हिंदी प्रयोगाने, त्यात नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी होते. जुहूच्या इतिहासात मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी ही नोंद आहे आणि ती फार कमी ठिकाणी सांगितली जाते. त्याच वर्षीच्या जानेवारीत, मकर संक्रांतीच्या सुमारास, इस्कॉनचे मोठे राधाकृष्ण मंदिरही इथे उघडले होते. ते उभे राहावे म्हणून झगडलेले स्वामी प्रभुपाद दोनच महिने आधी निवर्तले होते.

भेळ, पावभाजी, बर्फाचा गोळा आणि भाजलेले कणीस यांच्याशिवाय जुहू पुरे होत नाही. किनाऱ्यावर वाटेल तिथे लागणाऱ्या गाड्यांना हटवून एका ठिकाणी सारख्या आकाराचे गाळे द्यावेत, मध्ये मोकळी वाळू राहावी, यासाठी रहिवासी आणि वास्तुरचनाकार पी. के. दास यांनी पुष्कळ खटपट केली, आणि त्यामुळे आज माणसाला निवांत उभे राहायला जागा मिळते. त्याहून मोठी राखण झाली ती कायद्याने. १९८१ला पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकामे होऊ देऊ नका असे कळवले. १९९१ला किनारा नियमन क्षेत्राचा नियम आला. त्याआधी बांधले गेलेले ते राहिले, पण वाळू सर्वांची राहिली. सहा किलोमीटरच्या आसपास लांबीचा हा किनारा कुणालाही तिकिटाविना खुला आहे, आणि मुंबईसारख्या शहरात, जिथे चौरस फुटाला भाव आहे, हेच मला त्याचे खरे आश्चर्य वाटते.

समुद्र मात्र आपली जागा विसरलेला नाही. पावसाळ्यात नैऋत्येच्या वाऱ्यांनी उसळलेल्या लाटा किनाऱ्याची वाळू खरवडून आत नेतात; दिवाळीनंतर शांत झालेल्या लाटा ती हळूहळू परत आणतात. म्हणून ऑगस्टमधले जुहू अरुंद आणि उताराचे, तर जानेवारीतले रुंद आणि सपाट दिसते. पुनवेला आणि अमावास्येला मुंबईत भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरांच्या जवळ जातो. किनारा इतका मंद उताराचा आहे की तेवढ्याने पाणी पार लांब जाते आणि तेवढ्याच वेगाने परत येते. बाहेरगावच्या माणसाला हा वेग कळत नाही आणि दुर्घटना घडतात. जून २०२३मध्ये बिपरजॉय वादळाच्या दिवसांत इथे लाटेने ओढून नेलेली मुले परत आली नाहीत. पावसाळ्यात जीवरक्षक शिट्टी वाजवून मागे बोलावतो तेव्हा त्याचे ऐकावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पावसाळ्याचा हा नैऋत्येचा वारा कधी कधी जहाजेही आणून टाकतो. जून २०११मध्ये ‘विस्डम’ नावाचे सुमारे नऊ हजार टनांचे मालवाहू जहाज कोलंबोहून गुजरातेत अलंगला मोडीत काढायला ओढून नेले जात होते. दोर तुटला आणि ते वाहत येऊन जुहूच्या वाळूत रुतले. मुंबईकरांची त्याच्या दर्शनाला रीघ लागली. जुलैच्या सुरुवातीला ते महत्प्रयासाने काढले गेले. महिना सरतो न सरतो तोच ३१ जुलैला ‘पवित’ हे तेलवाहू जहाज येऊन तिथेच लागले. ओमानजवळ त्याचे इंजिन बंद पडले होते, खलाशांना ब्रिटिश नौदलाने वाचवले होते आणि बुडाले असे समजून सोडून दिलेले ते रिकामे जहाज अरबी समुद्र ओलांडून आले होते. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याला तीन वर्षेही झालेली नसताना एवढे मोठे जहाज कुणाच्या नजरेस न पडता किनाऱ्याला लागावे, यावर तेव्हा गंभीर चर्चा झाली, आणि ती होणे योग्यच होते.

जमिनीकडूनही पाणी येते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आमच्या धुळ्यात वर्षभराचा सरासरी पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास असतो, यावरून त्या एका दिवसाची कल्पना यावी. जुनी खाडी बुजली, तिच्या जागी नाले झाले; पण उतार तोच, आणि भरतीच्या वेळी समुद्र नाल्यांची तोंडे बंद करतो. म्हणून इर्ला आणि गझधरबंध इथे मोठी उदंचन केंद्रे बांधली गेली. भरती असताना दारे लावायची आणि साचलेले पाणी पंपांनी उपसून समुद्रात टाकायचे. ज्या पाण्याने एकेकाळी जुहूचे बेट केले होते त्यालाच आता यंत्रांनी थोपवावे लागते. नाल्यांबरोबर सांडपाणी आणि प्लास्टिकही येते. उत्तरेला लागून असलेल्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५पासून अफरोझ शाह या वकिलांनी शेजाऱ्यांना घेऊन दर आठवड्याला कचरा उपसायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने त्यांचा गौरव केला, आणि मार्च २०१८मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले अंड्यांतून बाहेर येऊन समुद्राकडे जाताना दिसली. असे दृश्य तिथे सुमारे वीस वर्षांत कुणी पाहिले नव्हते.

खानदेशातून जाणार असाल तर दिवाळी ते होळी हा काळ निवडावा आणि निघण्यापूर्वी त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून घ्यावे. सांताक्रूझ किंवा विलेपार्ले स्थानकावर उतरून बस मिळते. दक्षिणेच्या कोळीवाड्यापासून सुरुवात करून किनाऱ्याने उत्तरेकडे चालत गेलात तर मच्छीमारांच्या होड्या, हॉटेलांच्या भिंती, गांधीजींचा पुतळा आणि खाण्याचे गाळे असे सगळे ओळीने लागते. सूर्यास्त झाला की जानकी कुटीरकडे वळावे. पृथ्वीचे तिकीट आधी काढून ठेवावे आणि वेळेआधी पोचावे, कारण प्रयोग सुरू झाल्यावर दारे बंद होतात आणि उशिरा आलेल्या कुणालाही आत घेत नाहीत.